जुन्या २०७ वर भंगाराचा जोडधंदा: तालुक्यात विकावं की जालन्याला न्यावं?

काळी_माती (मंठा)

नमस्कार मंडळी. घरची टाटा २०७ पिकअप आहे, जुनी, पण इंजिन आणि चासी ठीक. आठवड्यातले दोन दिवस गाडी मोकळी असते. आसपासच्या दहा-बारा गावांतून लोखंडी भंगार, पाण्याच्या जुन्या मोटारी, पत्रे गोळा करून विकायचे म्हणतोय. इथून जालना साठ-पासष्ट किलोमीटर. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एका खेपेत खरा माल किती भरावा? तालुक्याच्या भंगारवाल्याला द्यावा की जालन्याला न्यावा? आणि मालाची पारख कशी करायची? जाणकारांनी आकड्यांत सांगावं ही विनंती.

धर्मकाटा (जालना)

पहिल्या प्रश्नापासून घेतो, बाकीचं गणित त्यावरच उभं राहतं.

गाडीचं आरसी बुक काढा. त्यात गाडीचं एकूण वजन आणि रिकामं वजन असे दोन आकडे असतात. वजाबाकी म्हणजे कागदावरचा माल. समजा तुमच्या पुस्तकात २९५० आणि १७२० आहेत, तर १२३० किलो. पण हे सगळं मालाचं नाही. ड्रायव्हर आणि मदतनीस १३० किलो. भंगारासाठी हौद्यात ३ मिलिमीटरची चेकर प्लेट टाकावी लागते, नाहीतर तळ महिन्यात फाटतो. ८ बाय ५ फुटांची ती प्लेट ९० किलोच्या आसपास भरते. जॅक, साखळी, ग्रायंडर, काटा, घण मिळून ४० किलो. उरले ९७०. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीला ९०० वरच थांबा.

आता बीड भरताना फसायला होतं ते सांगतो. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, बिडाचा तवा असतो तेच. जिल्ह्याशी संबंध नाही.) ऑइल इंजिनाचे ब्लॉक, ब्रेक ड्रम, कडबा कुट्टीची चाकं, पंपांची बॉडी, हा सगळा बिडाचा माल. बिडाचा एक टन हौद्यात पसरला आणि मधे निम्मी पोकळी धरली, तरी थर जेमतेम ३ इंचांचा होतो. हौदा रिकामा दिसतो म्हणून माणूस आणखी टाकत जातो आणि गाडी दोन टनांवर जाते. उलट पत्र्यांचा हौदा काठोकाठ भरला तरी वजन ३००-४०० किलोच निघतं. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, वजनावर ठेवा.

जास्त भरलं तर दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. सळई, पाइप किंवा पत्रा हौद्याच्या बाहेर आला तरी त्याच कलमात २०,००० आहेत. एका दंडात कित्येक खेपांची कमाई जाते.

पाटा_बुश (बीड)

गाडी विकत घेताना सगळे इंजिन ऐकतात. भंगाराच्या गाडीचं मरण मात्र मागच्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये असतं. कामाला लावण्याआधी गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या आणि एवढं बघाच.

कमानीच्या हँगर ब्रॅकेटजवळ चासीला तडा आहे का, वायर ब्रशने गंज घासून बघा. तडा असेल तर नुसता वेल्डिंगचा टाका मारून भागत नाही, तो पुन्हा उघडतो. टोकाला बारीक ड्रिल मारून तडा थांबवायचा, मग वेल्डिंग आणि वरून प्लेट. दुसरं, पाटे मधोमध धरणारा सेंटर बोल्ट. तो तुटला की ॲक्सल कमानीवरून सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालायला लागते. मागून चालत्या गाडीकडे बघितलं की कळतं. टायर एका कडेने झिजत असेल तरी शंका घ्या. तिसरं, कमान ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट. नवा पाटा टाकला की पाटे बसतात आणि यू-बोल्ट ढिले होतात, म्हणून ५०० किलोमीटरला परत आवळायचे. हे कोणी करत नाही आणि सेंटर बोल्ट त्यामुळेच तुटतो.

पाटा वाढवून घेतला म्हणजे माल वाढवता येतो हा समज सोडा. पाटा फक्त कमान कडक करतो. ब्रेक, बेअरिंग, हब, चासी होती तेवढीच राहते. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर ओला आहे का बघा. ओला असेल तर रबरी किट बदलण्यापेक्षा सिलिंडरच बदला. भरल्या गाडीने मांजरसुंब्याचा घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गियरात उतरायचं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापून पायाखाली ब्रेक राहत नाही.

माल लावायची पद्धत: सगळ्यात जड बीड खाली, केबिनच्या जाळीला टेकवून. मधे फट ठेवली तर करकचून ब्रेक लागल्यावर अख्खा ढीग पुढे घसरतो. वजनाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे यायला हवा. ॲक्सलच्या मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं. लांब माल हौद्याच्या लांबीत एका बाजूला आडवा ठेवून साखळीने बांधा, रस्सा नको, सळईच्या धारेने रस्सा तुटतो. पत्रे सगळ्यात वर आणि त्यावर ताडपत्री बांधलेली. सुटा पत्रा उडाला तर मागच्या मोटारसायकलवाल्याची मान कापेल. फाळक्याच्या दोन्ही खिट्ट्यांना तारेचा पीळ मारा.

पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात भरली गाडी घालूच नका. माल बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने डांबरी रस्त्यापर्यंत मागवा, त्याचे दोनशे-तीनशे दिलेले परवडतात. आणि स्टेपनी दोन ठेवा. भंगाराच्या अड्ड्यावर खिळे गाडीपेक्षा जास्त असतात.

काळी_माती (मंठा)

मनापासून आभार. मदतनिसाला बसवून हौदा भरेपर्यंत वजन कळणार कसं? धर्मकाटा (अख्खी गाडी तोलायचा काटा) तर तालुक्यालाच आहे.

धर्मकाटा (जालना)

३०० किलोचा इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा बॅटरीवर चालतो, गाडीतच ठेवा. वैधमापन खात्याचा शिक्का मारून घ्या, दरवर्षी नवा लागतो. गावात शिक्का दाखवला की घासाघीस निम्मी होते. काटा दगडावर किंवा उतारावर मांडू नका, फळी टाकून पातळी बघून मांडा.

उचलता न येणाऱ्या मालाचं वजन मापाने काढा. सळईला सूत्र आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९, म्हणजे १२ मीटरची अख्खी सळई साडेदहा किलोच्या थोडी वर. १६ ची मीटरला १.५८. लोखंडी पत्रा १ मिलिमीटर जाड असेल तर चौरस मीटरला ७.८५ किलो. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार. बोअरमधला सव्वा इंची मध्यम जाडीचा जीआय पाइप मीटरला ३.१ च्या आसपास, २० फुटी नळ १९ किलोचा.

या शेवटच्या आकड्याला एक खोट आहे. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्याने जुन्या पाइपात आतून पांढरा थर चढतो. नळ २३-२४ किलो भरला तर वरचे चार-पाच किलो दगड आहे, लोखंड नाही. अड्ड्यावर कडता (वजनातली कपात) लागतो तो याचाच. म्हणून घेतानाच पाइपाच्या तोंडात बॅटरी मारून बघा आणि सूत्राच्या वजनाने पैसे द्या. किंवा पाइप आपटून, घणाने ठोकून थर पाडा आणि मग तोला.

तांबट_गल्ली (नांदेड)

पारखेबद्दल लिहितो. लोखंडात किलोला दोन-चार रुपये सुटतात, पोतंभर तांब्या-पितळेत अख्ख्या हौद्याइतके सुटतात. तेवढ्याच वेगाने जातातही.

सोबत चार वस्तू ठेवा: लोहचुंबक, कानस, छोटा ग्रायंडर आणि ग्रॅममध्ये दाखवणारा टांगता काटा.

चुंबक चिकटला की लोखंड, हे अर्धंच खरं. पितळी मुलामा दिलेल्या लोखंडी वस्तू चिकटतात, त्या पितळ नव्हेत. उलट चुंबक न चिकटणारं प्रत्येक स्टील ३०४ (चांगल्या प्रतीचं स्टेनलेस) नसतं. २०० मालिकेचं स्वस्त स्टीलही चिकटत नाही, आणि ३०४ ची भांडी जिथे ठोकून वाकवलेली असतात त्या कडेला चुंबक किंचित ओढतो. ४३० चं स्टील सरळ चिकटतं. म्हणून स्टीलची भांडी तीन ढिगांत ठेवा आणि ३०४ म्हणून विकायचा आग्रह धरू नका.

ग्रायंडरची ठिणगी बघा. नरम लोखंडाची ठिणगी लांब, सरळ, पिवळसर पांढरी. बिडाची आखूड, लालसर, टोकाला फुटणारी. स्टेनलेसची थोडी आणि नारिंगी. तांबं, पितळ, ॲल्युमिनियमला ठिणगीच नाही. ॲल्युमिनियम ग्रायंडरवर घासूही नका, चकती बुजते.

नळ आणि वाल्व्ह सगळ्यात फसवे. वरून क्रोमचा मुलामा, आत पितळ की जस्ताची ओतीव मिश्रधातू, ते दिसत नाही. त्याला पाण्याची तपासणी करा. नळ दोऱ्याने टांगत्या काट्याला लावून वजन घ्या, समजा ४२५ ग्रॅम. मग तसाच बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, आतला हवेचा फुगा हलवून काढा. आता काटा ३७५ दाखवत असेल तर ५० ग्रॅम घटले. ४२५ ला ५० ने भागा, साडेआठ आले, म्हणजे पितळ. तोच नळ पाण्यात ३६० दाखवत असेल तर ६५ घटले, भागाकार साडेसहा, म्हणजे जस्त. तांब्याचा आकडा ९ ला टेकतो, लोखंडाचा पावणेआठच्या आसपास, ॲल्युमिनियमचा २.७, शिशाचा ११.३. नळात प्लास्टिकचा खटका किंवा रबर असेल तर आधी काढा, नाहीतर आकडा खोटा येतो. एकदा हात बसला की दोन मिनिटांचं काम आहे.

मोटारींचं: लाल दिसणारी प्रत्येक वायंडिंग तांब्याची नाही. ॲल्युमिनियमच्या तारेलाही तसंच लाल वॉर्निश असतं. कानशीने एक ओरखडा काढा, पांढरं आलं तर ॲल्युमिनियम. मोटार घेण्याआधी झाकण उघडून हे बघा, मग भाव बोला.

केबलचं वजन सोपं आहे. तांब्याच्या तारेत प्रत्येक चौरस मिलिमीटरला मीटरमागे ८.९६ ग्रॅम तांबं. घरगुती अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरच्या) ९० मीटरच्या बंडलात दोन किलो. सबमर्सिबलची तीन कोअर अडीच एमएमची केबल १०० मीटर असेल तर पावणेसात किलो तांबं. चार एमएमची असेल तर पावणेअकरा. केबल वजनावर घेऊ नका, मीटरवर मोजा आणि तांब्याचा हिशोब करा. प्लास्टिकचं वजन तुमच्या माथी येत नाही.

गोदाकाठ (गंगाखेड)

तांबट_गल्ली, एक भर. पुष्कळ जण केबल शेकोटीत जाळून तांबं काढतात. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिन असतं, शेजारच्या वस्तीतली पोरं तो धूर ओढतात. आणि जळालेल्या काळ्या तांब्याला सोललेल्या झळाळत्या तांब्यापेक्षा भाव कमीच मिळतो. लाकडाच्या फळीवर ब्लेड बसवून केबल ओढायची साधी सोलणी बनवा. जाड केबल दिवसभरात भरपूर सोलून होते, बारीक वायर मात्र सोलायला परवडत नाही, ती तशीच विका.

तांबट_गल्ली (नांदेड)

बरोबर. बारीक वायर तशीच विकणं हेच शहाणपण.

काळी_माती (मंठा)

पाण्याच्या तपासणीबद्दल खास धन्यवाद. आता माल मिळवायचा कुठून आणि कधी, यावर कोणी बोलेल का? दारोदार भोंगा लावून फिरणाऱ्यांशी स्पर्धा करायची नाही.

गोदाकाठ (गंगाखेड)

करूही नका. भोंगेवाला किलो-दोन किलो घेतो. पिकअपवाल्याने जड माल धरावा, जो मोटारसायकलवर आणि हातगाडीवर जात नाही.

गावात जुनी ऑइल इंजिनं, कडबा कुट्टी, मोडकी पेरणी यंत्रं, नांगर, ट्रॅक्टर ट्रॉलीचे सांगाडे गोठ्यामागे पडून असतात. तालुक्याला वेल्डिंगवाल्यांकडे कापलेले तुकडे, गॅरेजांत ब्रेक ड्रम आणि क्लच प्लेटी, मोटार रिवायंडिंगवाल्यांकडे जुनी तार. यांना ठरावीक वार द्या. दर पंधरा दिवसांनी त्याच वारी गेलात तर ते माल दुसऱ्याला देत नाहीत. एकदा वार चुकवलात की संपलं.

हंगाम बघा. उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर घरं शाकारताना जुने पत्रे निघतात. दिवाळीच्या सफाईत भांडी निघतात. ऊसतोडीला माणसं गेली की बीड, गेवराई, पाटोद्याकडच्या गावांत कित्येक घरांना कुलपं असतात. ती परतल्यावर, गुढीपाडव्याच्या आसपास जा.

गाडीचे जुने कमान पाटे भंगारात टाकू नका. ते स्प्रिंग स्टील आहे, लोहार त्याचे कोयते आणि कुऱ्हाडी करतात, भंगारापेक्षा चांगला भाव देतात. ऊसतोडीच्या आधी भाद्रपद-अश्विनात मागणी असते.

आता काय घ्यायचं नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याची लोखंडी दारं. हातपंपाचे पाइप आणि रॉड. डीपीतलं तांबं आणि तेल. महावितरणची ॲल्युमिनियमची तार, जिच्या मधे पोलादी दोरा असतो. रेल्वेचा रूळ, फिशप्लेट, खिळे. गॅसच्या टाक्या, त्या कंपनीच्या मालकीच्या असतात, रिकाम्या असल्या तरी. ग्रामपंचायतीचं किंवा शाळेचं लोखंड लिलावाच्या पावतीशिवाय हात लावायचं नाही, सरपंच स्वतः देत असले तरी. चोरीचा माल घेणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो, विजेच्या साहित्याला विद्युत कायद्याचं कलम १३६ आहे, रेल्वेच्या मालाला १९६६ चा वेगळा कायदा. ज्या दाराविना बंधाऱ्यात पाणी अडत नाही ते दार वितळवून आलेला पैसा आपल्याच भागाच्या घशाचं पाणी आहे, हे या धंद्यात सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

विहिरीवरची मोटार आणि स्टार्टर कोणी अंधारात आणून दिला तर घेऊ नका. दिवसा, मालकाच्या घरून, आधार कार्ड बघून घ्या.

रोजमेळ (लातूर)

तालुका की जालना, याचा हिशोब कोणीच मांडना गेलं म्हणून मी लिहायलोय. आकडे उदाहरणाचे हायत, आपापले घाला.

डिझेल ९२ रुपये, गाडीचं ॲव्हरेज ११, माल ९०० किलो. गावं फिरायला ६० किलोमीटर. तालुक्यातच विकला तर आणखी १०. ७० किलोमीटरचं डिझेल ५८५. मदतनिसाची एक दिवसाची मजुरी ५००. टायर, ग्रीस, फिटनेस, विमा यांच्यासाठी किलोमीटरला ३ रुपये बाजूला टाकायचेच, ते २१०. एकूण १२९५, म्हणजे किलोला एक रुपया चव्वेचाळीस पैसे.

जालन्याला नेला तर जाऊन-येऊन १३० आणि गावांचे ६०, मिळून १९० किलोमीटर. डिझेल १५८९. मजुरी दोन दिवसांची १०००. धर्मकाटा १००. झीज ५७०. एकूण ३२५९, किलोला तीन रुपये बासष्ट पैसे.

दोन्हींत फरक किलोला दोन रुपये अठरा पैशांचा. जालन्याचा अड्डा तालुक्यापेक्षा किलोला सव्वादोन रुपयांहून जास्त देत असंल तरच गाडी काढायची. तीन रुपयांच्या खाली फरक असंल तर मी तरी काढणार नाही, एक पंक्चर झालं की गेलं. निघायच्या आधी फोनवर भाव घ्या, बिडाचा वेगळा, जाड लोखंडाचा वेगळा, पत्र्याचा वेगळा. पत्र्याची खेप कधीच नेऊ नका, हौदा भरतो अन् वजन भरत नाही. तांबं-पितळ साठवायचं आणि लोखंडाच्या खेपेबरोबर सीटमागच्या पेटीत न्यायचं, त्याला वेगळं डिझेल लागत नाही.

जीएसटीचं: वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असंल तर नोंदणीची सक्ती नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं की नोंदणीकृत खरेदीदारानेच १८ टक्के कर भरायचा, उलट आकारणीने. त्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे त्याच्या पुढच्या करातून तेवढं वजा होतं. म्हणून "जीएसटी कापून भाव" असं कोणी म्हणायलं तर मान्य करू नका. त्याचा पैसा काही दिवस अडकतो हे खरं, त्यासाठी अठरा टक्के तुमच्याकडून कापायचं कारण नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर किमतीचा माल असंल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल) लागतं. लोखंडाच्या खेपेला तेवढी किंमत होत नाही, तांब्याचं पोतं सोबत असंल तर होऊ शकते.

वही ठेवा. तारीख, देणाऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, मालाचं वर्णन, वजन, दिलेले पैसे, सही. मालाचा फोटो त्याच्या घरासमोर. चौकीवर गाडी थांबवली तर ही वहीच बोलते.

काळी_माती (मंठा)

रोजमेळ, हे गणित भिंतीवर चिकटवण्यासारखं आहे. जालन्याच्या भट्टीवर थेट माल देता येतो का?

धर्मकाटा (जालना)

९०० किलोला नाही. भट्ट्या अड्डेवाल्यांकडून ट्रकने घेतात. पण भट्टीला काय लागतं ते कळलं तर अड्ड्यावर भाव का पडतो ते कळेल.

इथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळवून बिलेट (लांब ठोकळे) आणि त्याची सळई होते. या भट्टीत गंधक आणि फॉस्फरस फारसे जळून जात नाहीत, जे आत गेलं तेच सळईत उतरतं. म्हणून मिश्र माल नको असतो. जाड भंगार ६ मिलिमीटरच्या वर आणि ५ फूट बाय २ फुटांत कापलेलं असेल तर पहिल्या प्रतीचं. ३ ते ६ मिलिमीटरचं दुसऱ्या प्रतीचं. लांबच्या लांब अँगल नेलात तर कापायची मजुरी भावातून जाते. गॅस कटिंगचा खर्च उचलण्यापेक्षा १४ इंची कटरवर घरीच कापा.

सगळ्यात महत्त्वाचं, बंद पोकळ वस्तू. शॉक ॲब्सॉर्बर, दोन्ही तोंडं ठोकून बंद केलेला पाइप, हायड्रॉलिक जॅक, बुचाचे डबे. त्यात पाणी किंवा तेल अडकलेलं असतं, वितळलेल्या लोखंडात पडलं की क्षणात वाफ होऊन भट्टी उसळते आणि भट्टीवरची माणसं भाजतात. अशी एक वस्तू मालात सापडली तर अख्खी गाडी परत करतात. पाइप चिरून, शॉक ॲब्सॉर्बर कापून आरपार दिसेल असाच द्या. पावसात भिजलेला लेथचा चुराही त्याच कारणाने नाकारतात.

गॅस_कटर (वाळूज)

शॉक ॲब्सॉर्बर कापा म्हटलंय, पण कसा ते सांगितलं पाहिजे. गॅस दाबाने भरलेला शॉक सरळ कापला तर तोंडावर येतो. शिकंज्यात पक्का धरून बारीक ड्रिलने आधी भोक पाडायचं, चष्मा लावून, तोंड बाजूला ठेवून. गॅस आणि तेल निघालं की मग कापायचा. गॅसच्या ज्योतीने अजिबात नाही.

डिझेलची आणि पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी वाफ भरलेली असते. त्यावर ग्रायंडर किंवा ज्योत चालवली की स्फोट. टाकी पाण्याने काठोकाठ भरून, वरचा भाग हाती छिन्नीने कापतात. सवय नसेल तर अख्खीच विका, दोन पैसे कमी घ्या.

फ्रिजच्या मागच्या लेबलवर आर ६०० ए लिहिलेलं असेल तर तो पेटणारा वायू आहे, कॉम्प्रेसरची नळी बंद खोलीत कापू नका. बॅटरी नेहमी उभी, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, टोकांवर रबर घालून. ॲसिड जमिनीत ओतून वजन हलकं करणं हा २०२२ च्या बॅटरी नियमांचा भंग आहे आणि विहिरीचं पाणी जातं ते वेगळं. बॅटरी अख्खी, नोंदणीकृत घेणाऱ्यालाच द्या. कीटकनाशकाचे पत्र्याचे डबे घेऊच नका.

चार इंची ग्रायंडरवर गार्ड काढून सात इंची चकती लावतात, हे दृश्य प्रत्येक अड्ड्यावर दिसतं. चार इंची मशीन मिनिटाला अकरा हजार फेरे फिरतं आणि सात इंची चकतीची मर्यादा साडेआठ हजारांची. ती फुटते तेव्हा गळ्याच्या उंचीवरून जाते.

शिसाची जड डबी, पिवळ्यावर तीन पाकळ्यांचं चिन्ह, इस्पितळाचं किंवा प्रयोगशाळेचं जुनं यंत्र, असं काही आलं तर उघडू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातलं कोबाल्ट-६० उघडलं गेलं. एक कामगार दगावला, बाकीचे किरणोत्साराने भाजले. त्यांना ते फक्त चमकदार जड धातू वाटलं होतं.

पाटा_बुश (बीड)

कागदांचं राहिलं. माल वाहणाऱ्या गाडीचं एकूण वजन ३००० किलोंच्या आत असेल तर गाडीला परवाना (परमिट) लागत नाही. एलएमव्हीच्या (हलक्या वाहनाच्या) लायसनवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी. पीयूसी आणि विमा चालू हवा. विम्यात गाडी मालवाहू म्हणून आहे ना, ते बघा.

काळी_माती (मंठा)

मग पहिली खेप अशी ठरवतोय: बीड ४५०, जाड अँगल आणि सळई ३५०, जीआय पाइप थर पाडून १००. पत्रे तालुक्यातच. तांबं-पितळ पेटीत साठवायचं. जालन्यात भरल्या गाडीचा काटा आधी बाहेर करून घ्यायचा, मग अड्ड्यावर. यात काही चुकतंय का?

धर्मकाटा (जालना)

एकच. बाहेर काटा केलात की चिठ्ठी लगेच दाखवू नका, आधी अड्ड्याचं वजन होऊ द्या आणि मग दोन्ही ताडून बघा. मोठ्या काट्याचं माप ५ किंवा १० किलोच्या टप्प्यात येतं, तेवढ्या फरकावरून वाद घालू नका. त्याहून जास्त आला तर माल उतरवायच्या आधी बोला, उतरल्यावर बोलून उपयोग नसतो. आणि रिकाम्या गाडीचा काटा करताना तेच दोन स्टेपनी, तेवढंच डिझेल आणि तोच मदतनीस गाडीत असू द्या. भरल्या काट्याला मदतनीस आत बसलेला आणि रिकाम्याला खाली चहाला उतरलेला असेल, तर त्याचं वजन लोखंडात धरलं जातं. अड्डेवाला ते बरोबर पकडतो आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तुमच्या मालाला कडता जास्त लावतो. तांब्या-पितळेचं पोतं मात्र मोठ्या काट्यावर चढवू नका. ते छोट्या काट्यावर, तुमच्या डोळ्यांसमोर, पोतं वेगळं तोलून.